हंडीमामाची जीभ

आमच्या जालन्यात एकच माणूस असा होता, की ज्याला बघून बकऱ्या वर्षभर पळायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाला महिना-दीड महिना त्याच्या मागं मागं फिरायच्या. मी शपथेवर सांगतो. मस्तगडच्या चढावर हंडीमामा सायकल हातात धरून चालले होते आणि मागून डझनभर बकऱ्या अन् एक दाढीवाला बोकड, वरातीत चालावं तसे शिस्तीत येत होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. लोक म्हणतात, सायकलच्या कॅरेजला कोथिंबिरीची जुडी बांधलेली होती. लोक काय, काहीही म्हणतात. माझं मत असं, की बकऱ्यांना राखेचा बुधवार कळतो.

राखेचा बुधवार म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा, लेंटचा, पहिला दिवस. त्या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राख लावतात, आणि तिथून थेट ईस्टरपर्यंत ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं. आमच्या गल्लीत हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशी सगळी घरं. त्यामुळं श्रावण, रोजे आणि लेंट हे सगळे उपास सगळ्यांना पाठ. पण मामांचा लेंट बघायला लोक दुसऱ्या गल्लीतून यायचे. कारण हा माणूस धंद्यानं मटणाचा आचारी.

मामांचं बारशाचं नाव बहुतेक चर्चच्या दप्तरातच राहिलं. नवस फेडायला बोकड कापून गावजेवण घालतात ती कंदुरी असो, लग्न असो, जावळ असो, पंचक्रोशीत एकच आवाज उठायचा, ‘हंडीमामाला बोलवा.’ त्यांच्याकडं तांब्याच्या हंड्या होत्या. सगळ्यात मोठीत एकदा वळवाच्या पावसात दोन माणसं आणि एक कुत्रं आडोशाला बसलं होतं. कुत्र्याला जरा अडचण झाली, एवढंच. आणि रस्सा असा, की मामांनी इकडं येसराचा मसाला सोडला की तिकडं एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्यांवरचे गडी भोंगा व्हायच्या आधीच डबे उघडून बसायचे आणि डब्यात भेंडी बघून रडायचे. मी बियाण्याच्या कारखान्यात नोकरीला आणि दारात एक लहान टेम्पो. सुटीच्या दिवशी मामांच्या हंड्या वाहून न्यायचं काम माझं. नात्यानं मी त्यांचा कुणीच नव्हतो, पण ते मला ‘भाच्या’ म्हणायचे, आणि जेवायला बसल्यावर माझी भाचेगिरी कुणी मोजत नव्हतं.

तर असा हा माणूस लेंट लागला की मटण सोडायचा. इथवर कुणीही समजून घेईल. मंग मासे सोडायचा, अंडी सोडायचा. मंग दूध, दही, ताक, तूप. चहा कोरा. भाकरीवर लोण्याऐवजी करडईचं तेल. मध सोडला, कारण माशीला विचारून घेतलेला नसतो. एके वर्षी चामड्याच्या वहाणा सोडून रबरी चप्पल घातली. पुढच्या वर्षी चामड्याचा पट्टा सोडला आणि सुतळीनं पॅन्ट बांधली. ती सुतळी ईस्टरच्या आदल्या रविवारी, पाम संडेच्या मिरवणुकीत, हातात झावळी उंच धरलेली असताना सुटली. झावळी खाली आणावी तर प्रभूचा अपमान, न आणावी तर मामीचा. मामांनी प्रभूची बाजू घेतली. मामी त्या दिवशी घरी आल्यावर बराच वेळ भिंतीकडं तोंड करून हसत होत्या.

चर्चचे पास्टरसाहेब तरुण होते, समजावून सांगायचे. म्हणायचे, “मामा, इतकं करायची गरज नाही. कुणी राग सोडतं, कुणी मोबाईल सोडतं.”

मामा म्हणायचे, “मोबाईल सोडून कोणता जीव वाचून राह्यला, साहेब?”

“पण दूध?”

“दूध म्हंजे बिनमसाल्याचं मटणच की. एकाच मायच्या अंगातून आलं.”

एकदा मीच त्यांना छेडलं. म्हटलं, मामा, तुम्ही खात नाही, पण लेंटमध्येसुद्धा लोकांच्या कंदुरीला रांधता. बकरीला काय फरक पडला? ती बिचारी हंडीतच गेली. मामांनी हातातला सराटा थांबवला. म्हणाले, “फरक बकरीला न्हाई भाच्या, मला हाय. रांधतो तो हात. हात धुता येतो. खातं ते तोंड. वर्षभर ह्या तोंडानं खाल्लं, ईस्टरपर्यंत तरी त्यांच्या डोळ्याला डोळा द्यावा म्हणतो.” आणि खरोखर, दावणीला बांधलेल्या बोकडाकडं ते त्या दिवसांत असं बघायचे, जसा एखादा जुना सोयरा कोर्टाच्या आवारात भेटावा.

आता तुमच्या मनात प्रश्न आला असेल. आचारी चाखल्याशिवाय मीठ कसं घालणार? एवढ्या मोठ्या हंडीत अंदाजानं घातलेलं मीठ म्हणजे निवडणूक. निकाल लागेपर्यंत कुणालाच काही कळत नाही. तर त्याचं उत्तर होतं मार्थामामी.

मार्थामामी म्हणजे हंडीमामांची बायको. बारीक, काळीसावळी, दातांना सतत मिश्री, आणि बोलणं असं, की समोरचा आधी हसायचा आणि घरी गेल्यावर त्याला कळायचं की आपला पाणउतारा झाला. मूलबाळ नव्हतं. ‘आमची लेकरं तांब्याची हायत,’ म्हणायच्या, ‘कल्हई केली की गप पडून राहतात.’ लेंटमध्ये मामांची जीभ म्हणजे मामी. रस्सा उकळला, की त्या पळीतून एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायच्या, फुंकायच्या, जिभेला लावायच्या. मंग एक डोळा मिटून आभाळाकडं बघायच्या, जणू मिठाचा भाव वर ठरतो. मामा हात जोडल्यासारखे उभे. सगळी कंदुरी थांबलेली. आणि मामी सांगायच्या, “बराबर.” किंवा, “अर्धी मूठ.” या दोन शब्दांवर मी शेकड्यानं पंगती उठलेल्या बघितल्या. एकाही पानात रस्सा उरला नाही, एकानंही वरून मीठ मागितलं नाही. एका लग्नात तर मीठ वाढायला ठेवलेल्या पोराला काम नसल्यामुळं झोप लागली, तो वरातीलाच उठला.

म्हणजे हिशेब असा झाला, की मामांचा उपास निघावा म्हणून मामींचा मोडायचा. दरवर्षी. लग्न होऊन आल्यापासून मामींना एकही लेंट धरता आला नव्हता. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घरी यायच्या आणि गुरुवारी कुणाच्या तरी कंदुरीत बोकडाचा रस्सा तळहातावर घ्यायच्या. कुणी टोकलं तर म्हणायच्या, “एका घरात एकच साधू परवडतो.” पण ईस्टरच्या पहाटे चर्चमध्ये सगळे गात असायचे, तेव्हा त्या शेवटच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन नुसत्या बसायच्या. लग्नाला आलो खरं, पण आहेर आणायचा राहिला, असं तोंड करून.

मी एकदा मामांना म्हणालो होतो, मामींना सोडा की एखाद्या वर्षी, मी चाखतो. मामा म्हणाले, “दुसऱ्याची जीभ म्हंजे दुसऱ्याची चप्पल. पायात जाती, पण ठेच लागती.” मामी लगेच म्हणाल्या, “आणि भाच्याला हंडी दिली तर चाखता चाखता तळ दिसंल.” विषय तिथंच संपला.

पुढं आमच्याच घरची कंदुरी निघाली. गाव केदारखेडा, आमची भावकी मोठी, माझ्या चुलत्यांनी नवस बोललेला. मी मोठ्या तोऱ्यात मामांना टेम्पोत घालून नेलं. मामी पुढं माझ्याशेजारी बसलेल्या. रस्ताभर त्यांनी नेहमीसारखं कुणाचं वाईट बोलून दाखवलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण मला वाटलं ऊन लागलं असेल.

लेंट चालू. मामांनी रस्सा चढवला. वास असा सुटला, की भोकरदनच्या रस्त्यानं चाललेली एक बैलगाडी आपोआप आमच्या शेतात वळली. बैल शाकाहारी असून. मामींनी थेंब तळहातावर घेतला, फुंकला, चाखला. एक डोळा मिटून वर बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं.

“एक मूठ.”

मामांनी घातली. पुन्हा चाखलं.

“अजून एक.”

मामांचा हात क्षणभर थांबला. पण एवढ्या वर्षांत त्या जिभेला त्यांनी उलट विचारलं नव्हतं. घातली. मामी म्हणाल्या, “बराबर.”

पंगत बसली. पहिला घास गेला आणि सगळी भावकी एकदम गप झाली. एवढी शांतता आमच्या भावकीत वाटणीच्या दिवशीसुद्धा झाली नव्हती. मंग खोकला सुरू झाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक पाण्यावर तुटून पडले. आमच्या विहिरीचं पाणी त्या दिवशी पुरुषभर खाली गेलं ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत वर आलं नाही. माझे चुलते उठून हंडीपाशी आले आणि म्हणाले, “मामा, मटण हाय का मिठागर? नवस देवाला बोललो होतो, समुद्राला न्हाई.”

हसणाऱ्यांनी हसून घेतलं. मी हसलो नाही, कारण मी मामांकडं बघत होतो. मामा हंडीकडं बघत नव्हते. मामींकडं बघत होते. हळूच विचारलं, “मार्थे, मीठ?”

समोर पन्नास माणसं पाण्यासाठी ओरडत होती. मामी म्हणाल्या, “बराबर हाय.”

मामांनी सराटा खाली ठेवला. मामींचा दंड धरून त्यांना टेम्पोच्या मागं घेऊन गेले. मिठाच्या पोत्यातून त्यांनी एक खडा उचलला होता, मी बघितलं. म्हणाले, “मार्थे, डोळे मीट. तोंड उघड. दिवसभर उभी हायस, खडीसाखर घे.” आणि तो मिठाचा खडा त्यांच्या जिभेवर ठेवला.

मामींनी तो तोंडात घोळवला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, झोंबलं असणार. पण म्हणाल्या, “चांगली गोड हाय. कुठून आणली?”

मामा टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसले.

मामींच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती. चव जाऊन कितीतरी दिवस झाले होते. त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. आधीच्या सगळ्या हंड्या त्यांनी मामांच्या मुठीकडं बघून, सवयीनं निभावल्या होत्या. केदारखेड्याची हंडी मोठी होती आणि तिथं अंदाज चुकला. मी विचारलं, मामी, सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, “सांगितलं असतं तर ह्यांनी सवता चाखलं असतं. ह्यांचा उपास मोडला असता. एवढ्या वर्षांचं धरलेलं.” त्यांच्या पोटात माणूसभर भीती होती आणि त्यांना काळजी मामांच्या ताकाची.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाठीला मशीनचे शेक दिले, सलाईनी लावल्या. मी टेम्पोनं येऊन-जाऊन रस्ता इतका घासला, की माझ्या मते तो रस्ता आता पापडाएवढा पातळ झाला असेल. पावसाळा गेला, नाताळ गेला. नाताळाला मामांनी हंडी काढली नाही. मामींचं बोलणं तोंडातल्या तोंडात गोळा व्हायचं. आधी ते फक्त मामांना कळायचं, पुढं मलाही कळायला लागलं. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की घरी न्या. गिळता येतंय तोवर ताकदीचं द्या. दूध द्या, अंडं द्या, पायांचं सूप द्या. जे उतरेल ते.

घरी आणलं आणि आठवड्याभरात राखेचा बुधवार आला. मामींनी हट्ट धरला म्हणून आम्ही त्यांना खुर्चीत बसवून चर्चला नेलं. कपाळाला राख लावून घेतली. घरी आल्यावर मामा पेल्यात दूध घेऊन आले, तर त्यांनी हातानं पेला बाजूला केला.

“औंदा माझा उपास.”

मामा हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. मामींचं काय खरं, काय चेष्टा, हे आयुष्यभर कळलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत दूध तसंच राहिलं आणि त्यावर साय धरली. दुसऱ्या दिवशी अंड्याचं तसंच झालं. मंग मात्र मामा घाबरले. ज्या माणसानं पास्टरसाहेबांना मधाच्या एका थेंबावरून तासभर ऐकवलं होतं, तोच माणूस पळत जाऊन त्यांना घेऊन आला. “साहेब, तुम्ही सांगा हिला. दूध घेतलं तर पाप न्हाई म्हणून सांगा.”

पास्टरसाहेब खाटेजवळ बसले. म्हणाले, “मामी, आजारी माणसाला उपास माफ असतो.”

मामी सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “धडधाकट होते तवा ह्यांच्या हंड्यांनी धरू दिला न्हाई. आता दुखणं धरू देईना. मंग मी कवा धरू, साहेब? तारीख सांगा.”

साहेबांनी प्रार्थना केली आणि निघून गेले. दुसरं ते काय करणार.

मामांनी मंग हात टेकले नाहीत, हात चालवले. शेंगदाणे वाटून, गाळून त्यांचं दूध काढलं. वरणाचं पाणी, कण्यांची पेज, केळ्याचं पन्हं. मामींच्या एका वाटीसाठी हा माणूस दिवसभर चुलीपुढं, लग्नाची पंगत उठवायची असल्यासारखा. पण मामी वाळत चालल्या. मिठाचा खडा पाण्यात बघावा तसं. रोज वाटायचं, कालच्यापेक्षा जरा कमी दिसतायत, आणि रोज ते खरं असायचं.

आणि मामांच्या डोक्यात ती गोष्ट आली. मामींना चव नव्हती. पेज शेंगदाण्याची आहे का म्हशीची, हे त्या जिभेला कधीच कळणार नव्हतं. दुपारी मला बोलावून कानाशी लागले, “भाच्या, जल्दी जा. चांगलं म्हशीचं दूध आण, पाणी न घातलेलं. पिशवी शर्टाच्या आतून आण.” मी आणलं. मामांनी दुधात कण्या शिजवल्या, घट्ट, मलईदार. वाटी घेऊन खाटेपाशी गेले. मी उंबऱ्यात बसलो होतो.

मामींनी वाटीकडं बघितलं. मंग मामांकडं. म्हणाल्या, “चाखा.”

“मी? मी काहून चाखू?”

“माझी जीभ मेली. तुमची हाय ना. इतकी वर्षं मी चाखलं, आज तुम्ही सांगा. बराबर हाय का?”

मामांचा स्वतःचा लेंट चालू होता. जाणत्या वयापासून कधीच न मोडलेला. चाखलं तर मोडला. आणि न चाखावं, तर वाटीत काय आहे ते आपोआप कळलं. मामांनी तर्जनी बुडवली आणि जिभेला लावली.

“काय हाय?” मामींनी विचारलं.

“पेज. कण्यांची.”

“दूध?”

“न्हाई. बिलकुल न्हाई.”

“बराबर?”

“बराबर.”

मामींनी एक डोळा मिटला आणि वर, पत्र्याकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी ते तोंड तसं दिसलं. मंग म्हणाल्या, “तर मंग तुम्हीच प्या. तुमचंबी पोट पाठीला लागलंय.”

मामांनी वाटी या हातातून त्या हातात घेतली.

“प्या की. नुसती पेजच हाय.”

आणि मामांनी ती सगळी वाटी प्यायली. माझ्यादेखत. घोट घोट करून, मान खाली घालून, औषध घ्यावं तशी. मिशा पांढऱ्या झाल्या. मामींनी खाटेवरून हात लांब केला, पदराच्या टोकानं त्यांच्या मिशा पुसल्या आणि म्हणाल्या, “आता माझी आणा. बिनदुधाची.”

दुसऱ्या दिवशी मामांनी कहरच केला. मामींसमोर बसून उकडलेलं अंडं सोललं आणि अख्खं तोंडात घातलं. गाल फुगलेले, डोळ्यांतून धारा लागलेल्या, बोलता येईना. “बघ, माझा गेला. आता तुझा सोड. दोघंबी मोडू. माफी मागायला बराबर जाऊ.”

मामी मान हलवून म्हणाल्या, “एकानं धरायचा, एकानं चाखायचं. असंच तर चाललंय आपलं.”

त्यांना उपास ईस्टरपर्यंत न्यायचा होता. दुसरं काही मागणं नव्हतं. बरं वाटावं असंसुद्धा नाही. ते त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. एक उपास धरावा, नीट सोडावा, आणि ईस्टरच्या पहाटे शेवटच्या बाकावरून एकदा पुढच्या बाकावर यावं, एवढंच. पण गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, ऊन खाली उतरताना, मामी गेल्या. ईस्टर हाताच्या अंतरावर होता. मी इतक्या थापा मारतो. इथं एखादी मारता आली असती तर मारली असती.

शुक्रवारी माती दिली. कबरीपाशी पास्टरसाहेब म्हणाले, की आपली बहीण आता तिथं गेली आहे जिथं उपास नाही, जिथं प्रभूची मेजवानी मांडलेली आहे. मामांनी मधेच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “साहेब, तिथं तिला मीठ कळंल का?”

साहेबांनी हातातलं बायबल मिटलं. मंग म्हणाले, “हो मामा. कळेल.”

मामांनी त्यांच्याकडं बघितलं. ती नजर मी आधी एकदाच पाहिली होती, केदारखेड्याला, हंडीपाशी, मामी “बराबर हाय” म्हणाल्या तेव्हा.

त्याला आता काही वर्षं झाली. मामा आहेत, हंड्याही आहेत, पण कल्हई उडालेली. लोक आता गॅसच्या शेगड्यांवाले केटरर बोलावतात. जुनं एखादं घर कंदुरीला मामांना बोलावतं आणि मी टेम्पो काढतो. लेंट लागला की मामा पूर्वीसारखं काही सोडत नाहीत. चामड्याचा पट्टा घालतात. दुधाचा चहा पितात. मटणाच्या पंगतीत बसतात आणि पानात पडेल ते खातात, आवडीनं नव्हे, काम असल्यासारखं. चर्चमधली माणसं कुजबुजतात, की बायको गेली आणि म्हाताऱ्याचा धर्म सुटला. एकानं तोंडावर विचारलं. मामा म्हणाले, “तिचा उपास सुटला न्हाई अजून. ती उपाशी हाय. मंग चाखायचं कुणी?”

तो माणूस म्हणाला, “पण मामा, ईस्टर झाला की. होऊन गेला.”

मामा म्हणाले, “तुमचा झाला असंल.”

बकऱ्या आता त्यांच्या मागं फिरत नाहीत. पळतही नाहीत. मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात.

औंदा लेंटमध्ये एका वस्तीवर हंडी होती. रस्सा उकळला. मामांनी पळी वर काढली, एक थेंब डाव्या तळहातावर घेतला, फुंकला, जिभेला लावला. एक डोळा मिटून आभाळाकडं बघितलं. आणि तसेच उभे राहिले. पंगत खोळंबली, यजमान घड्याळ बघायला लागला. जाळ खाली बसला तरी मामा वरच बघत होते. त्यांच्या हातचं हल्ली नेहमीच अळणी असतं, लोक वरून मीठ घेतात. मीठ वाढणाऱ्या पोराला आता बसायला फुरसत नसते. मला राहवलं नाही. मी पुढं होऊन पळीतलं थोडं चाखलं आणि म्हणालो, “मामा, बराबर हाय.”

“तू गप, भाच्या,” मामा म्हणाले, मान खाली न आणता. “तुला न्हाई विचारलं.”